आजीने सोडलेला फणस

शनिवार, ६ जून १९६४. बंगळूर

काही कळेनासं झालंय. आजीला जाऊन महिना झाला. आज अण्णांनी यशवंतपूरहून फणस आणला, मी तो फोडला आणि ते पाच गरे वाटीत घालून तिच्या फोटोपुढे ठेवायला निघाले. मी म्हटलं, "अण्णा, हे काय? तिनं काशीला फणस सोडला होता ना!"

अण्णांनी वाटी खाली ठेवली. "काशीला मी होतो की बरोबर. पडवळ सोडलं तिनं. तेही आवडत नव्हतं म्हणून!"

मग दर उन्हाळ्यात आपल्या वाटचे गरे माझ्या ताटात टाकून "मला चालत नाही, तू खा" म्हणायची, ते काय होतं?

आणि तो एक दिवस. मी नऊ वर्षांची. आजी मागच्या दारी पाठमोरी बसून, सालीला चिकटून राहिलेला एक गरा खात होती. मी ओरडले, "आजी, पाप लागेल!" घरभर सांगत सुटले. तिनं अर्धा गरा खाली ठेवला आणि तेल लावून बोटांचा चीक काढत बसली.

का नाही बोललीस गं? अर्ध्या वाक्याचं काम होतं. मला लाज वाटेल म्हणून? की मग मी तुझे गरे तुला परत दिले असते म्हणून?

दिले असते का मी? मघापासून तेल चोळतेय, चीक जात नाहीये. दिले असते का? फणस फार गोड असायचा.