न्हाणीला लागलेला ऊस

२० जानेवारी २००२, रविवार. येडगाव.
ओट्यावरची डावी चप्पल गेली. उजवी जागेवर. एकच चप्पल नेणारा चोर धर्मशास्त्राच्या कुठल्याच प्रकरणात बसत नाही. संशय शेजारच्या सयाजीच्या कुत्र्यावर, राजावर. सयाजी म्हणाला, कुत्रं दोन दिवस घरीच न्हाई. म्हणजे फरारी. गुन्हा शाबीत.
संकल्प : चहा दोनच वेळा. मुलांवर ओरडायचं नाही. ३ फेब्रुवारीला आळेफाट्याच्या कृषी प्रदर्शनात सर्वांत उंच उसाचं पहिलं बक्षीस.

२२ जानेवारी, मंगळवार
कारखान्याच्या यादीप्रमाणे ऊसतोडीची टोळी दारात. परत पाठवली. सौ.चं म्हणणं, दहा ऊस ठेवा, बाकीचा जाऊ द्या. तिला समजावलं की ऊस समाजशील आहे, एकटा पडला की वाकतो. शिवाय सर्वांत उंच कोणता ते अजून ठरायचंय. मुकादम रखमाजी टोपी काढून डोकं खाजवत राहिला.
"गुरुजी, आता नंबर महिन्यानं लागंल. घराला एवढा चिकटून ऊस बरा नसतो."
न्हाणीमागची मोकळी जागा गेल्या वर्षी मीच लागवडीखाली आणली. तिथं पोरांचा झोका होता. उगीच वाया जात होती.

२४ जानेवारी, सायं. ६
न्हाणीच्या सांडपाण्याच्या चिखलात पायाचा ठसा. समृद्धीने (वय सहा) त्यात स्वतःचा पंजा ठेवला. मावला, वर जागा उरली. राजा परत आलाय, मी म्हटलं. ती म्हणाली, नखं उमटलेली नाहीत. कुत्र्याने आत ओढली असतील, मी म्हटलं. आदेशला (वय चार) हे पटलं. तो गुणी आहे.

२८ जानेवारी, सोमवार
नववीला शार्दूलविक्रीडित. वाघाच्या क्रीडेचं वृत्त. नावाचा अर्थ फळ्यावर लिहिताच वर्ग एकदम गप्प झाला. वृत्ताचा असा परिणाम वीस वर्षांत पाहिला नव्हता. शिकवण्यात खोली येत चालली आहे.
संध्याकाळी सयाजी आला. वस्तीवरच्या गोजरबाईची शेळी दावं तोडून गेली म्हणे. ऊस लवकर काढा राव, म्हणाला. मत्सर. त्याचा ऊस माझ्याहून दोन पेरी आखूड आहे.
चहा : पाच.

३१ जानेवारी, गुरुवार
चप्पल सापडली. उसाच्या दुसऱ्या सरीत, पाचटावर. अंगठा चावलेला. शेजारी राजाच्या गळ्यातला पट्टा, घुंगरासकट. सौ. पट्टा हातात धरून बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, बघ, चोर आणि मुद्देमाल एकाच जागी. माझा संशय खरा ठरला. ती मुलांना घेऊन आत गेली आणि मागच्या दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या.

३ फेब्रुवारी, रविवार. प्रदर्शनाहून परत.
निघायचं सातला, निघालो दहाला. पाच ऊस जीपच्या टपावर. फाट्याच्या वळणावर झाडाची फांदी लागून तीन उसांचे शेंडे गेले. आदेशला ट्रॅक्टरवर बसवलं, उतरेना. ठिबकच्या नळीत फुंकर मारून त्याने स्टॉलवाल्याला भिजवलं. ओरडलो. पहिलं बक्षीस महाळुंगे पडवळच्या एका गृहस्थाला. त्याने ऊस टेम्पोत आडवा निजवून आणला होता. मला उत्तेजनार्थ. परीक्षकांची दृष्टी ऱ्हस्व.
परतताना वन खात्याचा स्टॉल लागला. टेबलावर बिबट्याच्या पायांचे प्लास्टरचे ठसे. समृद्धीने एकावर पंजा ठेवला.
"बाबा, हे आपल्या न्हाणीमागचंच आहे."
स्टॉलवरचा माणूस आधी हसला. मग खाली वाकून त्याने तिला विचारलं, न्हाणीपासून ऊस किती लांब? बराच लांब आहे, मी म्हटलं.
"लांब नाही. भिंतीला लागून आहे. बाबांनी बक्षिसासाठी ठेवलाय."
त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पत्ता लिहून घेतला.

६ फेब्रुवारी, बुधवार
रखमाजीला गाठला. टोळी नदीपलीकडे गेली. आमचा नंबर एक मार्चला. स्वतः कोयता घेतला. दोन तासांत दीड सरी, हाताला चार फोड. वन खात्याचा माणूस येऊन गेला, ऊस निघेपर्यंत मुलांना एकटं सोडू नका म्हणाला. परसाकडे जाताना मी डबा वाजवत पुढे, मुलं मागे.
दुपारी आदेश दिसेना. पाचेक मिनिटं. कोठीत धान्याच्या पोत्यांमागे झोपला होता. पण ती पाच मिनिटं मी उसाच्या कडेला उभा राहून हाका मारत होतो, आणि आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. सौ. मला बाजूला सारून आत शिरली.
टोळी मी परत पाठवली. हे तिने अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही. पोरांना काही झालं, तर ते माझ्यामुळे होईल. अजून तेवीस दिवस आहेत.