वहिनीची चार पानं

मंगळवार, दिवेलागणीला

अजून डोकं ठिकाणावर नाही. ओक्साना वहिनी! आमची वहिनी!

तिचा फोन बिघडलाय आणि दादा जहाजावर. म्हणून युक्रेनला तिच्या आईला लिहायला तिला बोईसरला, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आणलं. कॉम्प्युटर विंडोज एक्सपीच्या काळातला. एवढ्या जुन्या डब्यात युक्रेनियन कीबोर्ड कुठला असायला? तर होता! सेटिंगमध्ये इतकी वर्षं गुपचूप बसलेला, नुसता निवडायचा. मग माझ्या मोबाइलवर त्या कीबोर्डचं चित्र बघून त्यांची अक्षरं कागदावर लिहिली, कापली, एकेका बटणावर चिकटवली. म्हटलं, बिचारीला सापडायची नाहीत.

तिने बटणांकडे पाहिलंसुद्धा नाही. दहाही बोटं सुटली. मध्येच हसत होती, मध्येच स्वतःशी मोठ्याने बोलत होती, एकदा तर चक्क टेबलावर हात आपटला. चार पानं! लग्न होऊन आल्यापासून 'हो' आणि 'बस' यापलीकडे न बोललेली बाई ती हीच? की आम्हीच कधी काही विचारलं नाही?

तारापूरला घरी आलो, तर आई दारातच शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमची सून लय गरीब हाय. तोंडातून शब्द नाय निघत."

वहिनी हसली. "हो," म्हणाली.

मला घाम फुटला. त्या चार पानांत आमचं अख्खं घर असणार. अक्षरं मीच चिकटवली, पानं माझ्याच मेलवरून गेली, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.