कुरणाला लंब

२ जून
काल गावसभेत तोर्ग्नीने माझं बोलणं मध्येच तोडलं, म्हणून ही वही सुरू करावी लागली. प्रत्येकाला दोनच मिनिटं होती. दोन मिनिटांत काय भूमिती शिकवणार?
तरी जिंकले. तोर्ग्नी दरवर्षी मिडसमरच्या सणाला ज्याभोवती गाव नाचतं तो खांब नुसत्या नजरेने उभारतो. गेल्या वर्षी तो चर्चकडे कलला होता आणि अख्ख्या गावात ते फक्त मला खुपलं. यंदा काम माझ्याकडे. खांब ठेवतात त्या शेडची किल्लीही. खांब सरळ राहिला तर ती कायमची माझी, असं सर्वांसमोर ठरलंय. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, त्याचं चीज झालं.

९ जून
पाइप टाकायला नेहमीचं मैदान खणून ठेवलंय. खांब आता तळ्याकाठच्या कुरणात. तिथे उतार आहे. तोर्ग्नी खूश. म्हणाला, "काय मास्तरीणबाई, आता डोंगर सपाट करणार?"
भूमितीला सपाटी लागत नाही, प्रतल लागतं. कुरण हे प्रतलच आहे, जरासं कललेलं. तोर्ग्नीला हे समजावणं म्हणजे हेरिंग माशाला पोहणं शिकवणं. फरक इतकाच की हेरिंगला ते आधीच येतं.

१५ जून, दुपारी
शेजारची मायकेन कॉफीला आली. पूर्वी औषधांचं दुकान चालवायची, त्यामुळे प्रत्येकाला डोस देण्याची सवय. मी सिद्धांत ऐकवला: प्रतलातल्या दोन छेदणाऱ्या रेषांना जी रेषा छेदनबिंदूत लंब, ती त्या प्रतलाला लंब. दोन दोऱ्या ताणायच्या, एक उताराच्या दिशेने, एक आडवी. खड्डा त्या छेदतात तिथे. खांबाला गुण्या लावायचा. झालं.
ती म्हणाली, "अगं, कुरणाला लंब म्हणजे सरळ नव्हे. तूच जरा उतारावर तशी उभी राहा बघू."
राहिले. घसरले. गवत ओलं होतं. सिद्धांताचा संबंध नाही.
जाताना तिने तिच्या नवऱ्याचा जुना ओळंबा जबरदस्तीने हातात दिला. दोऱ्याला टांगलेलं वजन, गवंड्यांचं खेळणं. खुंटीला अडकवून ठेवलाय.

१८ जून
शाळेतला मोठा लाकडी गुण्या पुसून काढला. कोपऱ्याला किंचित चीर आहे, काटकोन शाबूत.

१९ जून, सकाळ
खांबाला बर्च झाडाची पानं बांधली, दोन्ही बाजूंना फुलांची वर्तुळं टांगली. पुरुषमंडळींनी दुबेळक्या काठ्यांनी खांब रेटत वर नेला. मी गुण्या लावला. पहिल्या दोरीशी काटकोन. दुसऱ्या दोरीशी काटकोन. इतकं निर्दोष काम या गावात कधी झालं नसेल.
खांब तळ्याकडे वाकलेला दिसतो. दिसतो, आहे असं नाही.
तोर्ग्नीने विचारलं, "बाई, खांब आत्तापासूनच पिऊन आलाय का?" सगळे हसले. मी सांगितलं, तुम्ही कुरणाला लंब उभे राहा, मग सरळ दिसेल. कुणी राहिलं नाही. शिस्तच नाही.
मायकेनने हळूच विचारलं, "ओळंबा आणलास?" म्हटलं, घरी आहे, सुरक्षित आहे.
खड्ड्यात आणखी दगड ठोकायला तोर्ग्नीने सुचवलं. नाही म्हटलं. लंब रेषेला टेकू लागत नाही.

१९ जून, संध्याकाळ
नवे बटाटे उत्तम. हेरिंग खारट.
नाच सुरू झाला. लोक हात धरून फिरताना उताराच्या बाजूला जास्त गोळा होत होते. समतोल म्हणून काही माहीतच नाही यांना. बेडकाच्या पारंपरिक नाचगाण्यावर सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या आणि खांब सावकाश, अगदी सभ्यपणे, तळ्यात गेला. कुणाला लागलं नाही. मायकेनचा स्ट्रॉबेरी केक वाचला. फुलांचं एक वर्तुळ तोर्ग्नीच्या होडीत पडलं, तर त्याने ते गळ्यात घातलं आणि टाळ्या मिळवल्या.
खांब पाण्यावर तरंगत होता. लांबून पाहिलं. पाण्याच्या पृष्ठभागाला तंतोतंत समांतर. हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

२१ जून
सभा. मला दोन मिनिटं दिली होती. पुरली.
तोर्ग्नीकडे सुपूर्द: शेडची किल्ली. दोन दोऱ्या, ओल्या. खांब त्याने आधीच ओढून नेलाय.
मायकेनला परत: ओळंबा, एक. दोरा गुंडाळलेला होता तसाच.
गुण्या कुणी मागितला नाही.