सवतीचा टाक

१२ जानेवारी १९५८, रविवार

आज तुळजाबाईला पुन्हा दाताखाली धरलं! मालक जेवता जेवता म्हणाले, "पिठल्याला चव न्हाई. पहिलीच्या हातचं लई झकास असायचं."

पहिली म्हणजे तुळजाबाई. तिची लेक गोजर झाली त्या बाळंतपणातच गेली. मंग मी आले, दुसरेपणाची. लग्नातच सासूबाईंनी तिला माझ्या गळ्यात बांधली — चांदीचा चपटा टाक, त्यावर ठशानं उठवलेली एक बाई. सवत! जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं. वेणी आणली, आधी तिला. अन् काय उरेल ते उषाबाईला, म्हंजी मला.

सासूबाईंपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. राग आला की टाक उचलायचा अन् दातांत दाबायचा. चांदी मऊ असती. माझा उजवीकडचा एक दात पुढं आहे, त्याची खाच पडलीय बाईसाहेबांच्या बराबर कपाळावर. सासूबाई वारल्या, सवय राहिली.

चेहरा म्हणावा तर दोन ठिपके अन् एक रेघ. सोनाराचा ठसा एकच — साऱ्या मुलखाच्या सवती सारख्याच दिसतात.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ आधी तिला. गोड बोल म्हटलं — बोलती कशाला!

२० जानेवारी

गावात म्युझियमवाले आलेत. "मानववंशशास्त्र विभाग" — नाव पुरं होईस्तोवर चहा निवतो. साहेब तरणे, चष्मेवाले. पायात मोजे, अन् हातातही मोजे! पांढरे. घरोघर फिरून जुनी सुपं, पाळण्याच्या चिमण्या, काय मिळेल ते मागून राह्यलेत. शेजारच्या झुंबरबाईचं फुटकं उखळ बघून गहिवरले म्हणं. झुंबरबाई म्हणती, "पाहिजे तर आणखी दोन फोडून देते!"

मंग आमच्याकडं. ओसरीवर बसले अन् माझ्या गळ्याकडंच बघून राह्यले. परका माणूस! मी पदर ओढला. तर मालकांना म्हणतात, "काकासाहेब, हा सवतीचा टाक ना? अत्यंत मोलाची वस्तू. समाजमनाचा दस्तऐवज आहे हा." मालक फुगले. बायकोच्या गळ्यात दस्तऐवज लटकून राह्यलाय हे त्यांना आजच कळलं.

पुढं सवाल सुरू झाले. सवतीला घास कधी दाखवतात? काय म्हणून दाखवतात? ती रागावते का? विचारलं कुणाला — मालकांना! अन् मालकांनीही ठोकून दिलं, बिलकुल न अडखळता. जसा काही जन्मभर टाक त्यांनीच घातला. मी आतून चहा पाठवत राहिले.

२१ जानेवारी

दिला. साहेब म्हणाले, "विज्ञानाच्या हाती सुरक्षित राहील." मालक म्हणाले, "घ्या की. पाटीवर नाव तेवढं आमचं लावा." मला कुणी विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर म्हटलं असतं, जल्दी न्या! माझ्या हातानं दोरा तोडला. साहेबांनी मोजे चढवले अन् टाक असा घेतला, जसं नुकतं जन्मलेलं पोर. कापसात गुंडाळला. आमच्या घरी ती माझ्याबरोबर भाकरी थापायची, धुणं बडवायची. तेव्हा तिला कुणी कापूस दिला न्हाई.

गोजर दारात उभी होती.

२२ जानेवारी

पहिला घास मी खाल्ला. आख्खा!

३ फेब्रुवारी

घात झाला. मालक म्हणाले, "पिठल्याला —" माझा हात गळ्याशी गेला अन् टाक कुठाय! दात नुसते दातांवर आपटले. मंग तोंड उघडलं, अन् इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर. "पहिलीच्या हातचं पाहिजे तर म्युझियमात जा, तिथं वाढतील!" मालक ताट सोडून शेतात गेले. संध्याकाळी येऊन हळूच म्हणतात, "पिठलं चांगलं झाल्तं."

हा विज्ञानाचा फायदा!

१८ मार्च

गोजरचं जमलं. हसनाबादचं स्थळ. मुलगा मास्तर, घरची शेती. हळद वैशाखात.

पोर हसली न्हाई. म्हणाली, "मावशी, मंग मायला हळद कशी लावायची?" आमच्यात नवरीची माय नसली की तिचा टाक पाटावर मांडतात. आधी तिला हळद, मंग नवरीला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "सुपारी मांडू की."

"सुपारी माझी माय हाये का?"

आता दाताखाली धरायलाही काही न्हाई.

२ एप्रिल

गोजर दोन घास खाऊन उठती. मालकांनी अक्कल पाजळली, "सोनाराकडून नवा करू, ठसा तोच हाये!" पोरीनं असं बघितलं की मालक पुन्हा शेतात.

आज मला साफ म्हणाली, "तिचा फोटो न्हाई, लुगडं न्हाई. लहानपणी तुझ्या गळ्याशी निजायची तवा ते चांदीचं गार गार गालाला लागायचं. तेवढीच माय मला माहितीय. ती बसली न्हाई तर मी पाटावर बसणार न्हाई."

मोरीत जाऊन रडले. दोरा मीच तोडला ना!

९ एप्रिल

जालन्याला जाऊन आले. मुंबईला माल धाडेस्तोवर म्युझियमवाल्यांनी जुन्या जालन्यात भागचंद सेठच्या दुकानावरची माडी घेतलीय. खाली मिरचीचा ठोक धंदा, वर डांबराच्या गोळ्या. साहेब बोलतात कमी, शिंकतात जास्त.

म्हटलं, "माझा टाक द्या."

"बाई, संग्रहात आलेली वस्तू परत जात नाही. नियम आहे. आणि वस्तू दान देणारे काकासाहेब आहेत, तुम्ही नाही."

"गळा कुणाचा होता?"

साहेब शिंकले.

"अन् टाकातली बाई कोण, लिहिलंय का कुठं?" त्यांनी चिठ्ठी काढली. "द्वितीय पत्नीचे कंठाभूषण. घनसावंगी." खाली मालकांचं नाव, मोठ्या अक्षरांत. तुळजाबाईचं न्हाई. माझं न्हाई. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली अन् कान लाल झाले. मूर्ख असला तरी भला माणूस आहे. म्हणाले, "चुकलंच. तुमचा ओळखा आणि घेऊन जा. वरच्यांना मी सांगीन."

ओळखा म्हणजे? तेव्हा घोळ कळला. गावोगावच्या चार सवती गोळा केल्या, सगळ्या एकाच औषधात टाकून उजळल्या, अन् चिठ्ठ्या सुटून आल्या! ताटात चार बायका, एकाच ठशाच्या, लखलखीत. हळद न्हाई, कुंकू न्हाई. वर सांगतात काय — "शास्त्रीय पद्धतीनं स्वच्छ केल्यात."

मी पहिली उचलली अन् तोंडात घातली.

"बाई! अहो बाई! हातमोजे —"

अरे बाबा, दाताला मोजा असतो का! आरडाओरडा ऐकून भागचंद सेठ धापा टाकत वर आले, "चोर कठे? चोर कठे?" एक एक करून चारी चावल्या. साहेब डोकं धरून खाली बसले. शेवटची पदराला पुसली अन् म्हटलं, "हीच."

"खात्री आहे?"

"दात माझा, सवत माझी. तुम्ही कोण विचारणार!"

बाकीचं आज लिहवत न्हाई.

२७ एप्रिल

हळद झाली. टाक पाटावर मांडला. गोजरनं आपल्या हातानं आधी मायला हळद लावली, मंग टाक उचलून गालाला धरला. "गार हाये, मावशी," म्हणाली अन् पाटावर बसली. मालक मांडवाबाहेर जाऊन नाक शिंकरत उभे राहिले.

साहेबही आल्ते — बिनबोलावता, अन् बिनमोज्याचे. पंगतीत बसून विचारतात, "पहिला घास मीही दाखवायचा का?" म्हटलं, "तुमची कुठाय सवत? जेवा गुमान!"

४ मे

गोजर हसनाबादला गेली. घर खायला उठतंय.

मालक पिठल्यावरून पुन्हा बोलले. टाक दाताखाली धरला न्हाई. पाहुण्या बाईला कसं चावायचं?

जालन्याचं त्या दिवशी लिहवलं न्हाई ते हे — साहेबांच्या कारागिरानं चारी टाकांचे पोचे ठोकून काढल्ते. खाच एकीच्याही कपाळावर नव्हती. माझा दात कुठंच बसला न्हाई.

आज पहिला घास तिला दाखवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाची का असेना, माझ्या गळ्यात हाये तवर उपाशी राहणार न्हाई.