पान चौथे : ग्राहकांनी सावध राहावे

१४ फेब्रुवारी २००५, सोमवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. दुकानाची वेबसाइट करायची. मासेमारीच्या जाळ्यांची वेबसाइट असलेला सावली तालुक्यातील पहिला व्यापारी मी असेन. हेतू व्यवसायवृद्धी. सूड नव्हे.

तरीही नोंद असावी : अठरा वर्षे माझ्या गल्ल्याशेजारी बसलेला हेमराज, म्हणजे माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ, दिवाळीला वेगळा झाला आणि त्याने स्वतःचे जाळ्यांचे दुकान थाटले. अजून पाटीही लावलेली नाही. चोर पाटी लावत नसतात.

उद्दिष्ट एकच. नदीपलीकडच्या अकरा मच्छीमार संस्थांची वार्षिक खरेदी. चौदा मे रोजी ठरते. सतरा वर्षे माझ्याकडे आहे. ती गेली तर दुकानात उरतील गळ आणि दोऱ्याची रिळे. ती हेमराजकडे जाता कामा नये. मग माझे काहीही होवो. (शेवटचे वाक्य भावनेच्या भरात. रद्द समजावे.)

१९ फेब्रुवारी, शनिवार
चंद्रपूर. तीन वेब डिझायनरांच्या मुलाखती. बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली टंकलिखित करून नेली होती.

पहिला : सहाव्या प्रश्नावर चहा प्यायला गेला. परत आला नाही.
दुसरा वरोऱ्याचा. प्रत्येक प्रश्नाला ‘हो जाएगा, अंकल.’ प्रश्न १७, ‘काम मुदतीत पूर्ण न होण्याची शक्यता आहे काय?’ यालाही ‘हो जाएगा.’
तिसरी पायल. वय चोवीस. उत्तरे देण्याऐवजी मलाच प्रश्न केला : ‘काका, साइट पाह्यणार कोन?’ उद्धट. परंतु मी बोलत असताना ती वहीत लिहून घेत होती. निवड तिची.

३ मार्च, गुरुवार
पहिला नमुना आला. त्यात पाण्याबाहेर उडी मारणारा मासा. मी विचारले, हा मासा जाळ्यात का नाही? ही आमच्या मालाची उघड बदनामी आहे. मासा काढला.

दुसरा मतभेद गंभीर. जाळ्याच्या डोळ्याचे, म्हणजे छिद्राचे, माप मी मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत दिले आहे. प्रत्येक डोळा स्वतः व्हर्नियरने मोजला. पायलचे म्हणणे, तिचे मामा तलावावर जातात, तिकडे सारे बोटांनीच मोजतात. डोळ्यात बोटे घालून पाहायचे : तीन बोटी, चार बोटी. ‘पासष्ट पॉइंट पन्नास म्हनलं तं मामा मलेच विचारतीन, हे का ताप आहे का?’

तिला समजावले की बोटे माणसागणिक बदलतात. हेमराजही बोटेच घालून दाखवी, आणि गिऱ्हाईक मला सोडून त्याच्यापुढे रांग लावी. हा अशास्त्रीयपणा मी अठरा वर्षे सोसला आहे.

२२ मार्च, मंगळवार
पलीकडच्या संस्थेचा माणूस दुकानात. विचारतो, ‘तो बोटानं मोजनारा भाऊ कुठी गेला जी?’ मी म्हटले, कल्पना नाही. या महिन्यातला हा चौथा. चौघांनाही एकच उत्तर. ज्याची पाटी नाही त्याचा पत्ता मी का द्यावा?

पण नुसते मौन पुरेसे नाही. त्याचा पुराव्यानिशी पर्दाफाश झाला पाहिजे. वेबसाइटला चौथे पान जोडणार.

२९ मार्च, मंगळवार
चौथ्या पानाचा मजकूर पूर्ण. शीर्षक ‘ग्राहकांनी सावध राहावे’. आरोप पुढीलप्रमाणे :

अ) सदर इसम बोटांनी माप देतो. पुराव्यादाखल कोणत्या माशाला किती बोटी जाळे देतो याची संपूर्ण यादी.
आ) जाळे फाटल्यास हंगामभर फुकट विणून देतो. यामुळे गिऱ्हाइकाला वाईट सवयी लागतात.
इ) माल स्वतः नदीपलीकडे पोहोचवतो. व्यापाऱ्याला हे शोभत नाही.
ई) रविवारीही दुकान उघडे ठेवतो.

शेवटी त्याचे पूर्ण नाव, बसस्टँडमागच्या बोळातील दुकानाचा पत्ता व फोन नंबर, जेणेकरून चुकूनही कोणी तिकडे जाऊ नये. अपुरा तपशील असलेला आरोप टिकत नाही.

पायल वाचून म्हणाली, ‘काका, हे तं त्याह्यचीच जाहिरात होऊन राह्यली.’ ती बी.कॉम. नाही. तिने माझाही फोन नंबर मागितला. साफ नकार. हेमराज निनावी फोन करील. खरे गिऱ्हाईक पत्र लिहिते.

९ एप्रिल, शनिवार
वेबसाइट सुरू झाली. गडचिरोलीच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिली. खाली पाहणाऱ्यांचा आकडा : १. तो मीच.

घरी जयाला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘माह्या भावाले दुनियेत बदनाम कराले निंगाले, मंग फोटू काऊन नाई टाकला? लोकाले ओळखू तं आला पायजे.’ पत्नीने पतीच्या बाजूने उभे राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. सूचना ग्राह्य. तिच्याच लग्नाच्या अल्बममधील हेमराजचा फोटो पायलला पाठवला. त्यात तो हसतो आहे. इलाज नाही.

संस्थांच्या सर्व अध्यक्षांना वेबसाइटचा पत्ता छापलेली कार्डे रवाना.

२ मे, सोमवार
आकडा ६४. पृथक्करण : ४१ वेळा मी. उर्वरित २३ वेळा, माझ्या अंदाजाने, हेमराज. जळत असणार.

पायलचा निरोप की चौथे पान सर्वांत जास्त पाहिले जाते, आणि कोणीतरी ते छापूनही नेले. विष भिनते आहे. नवे शाईपेन घेतले, करारावर सही करण्यासाठी.

१४ मे, शनिवार. सायंकाळी ५.३०
अकरा संस्थांच्या संघाचे अध्यक्ष इस्तारीभाऊ स्वतः दुकानात आले. मी उभा राहिलो. पेनाचे टोपण काढून ठेवले होते.

त्यांनी पिशवीतून चौथे पान काढले. लॅमिनेट केलेले. प्रत्येक संस्थेने एक प्रत भिंतीला लावली आहे म्हणाले. ‘आमी चार माणसं धाडले, तुमी पत्ता सांगे ना. मले वाटलं, भांडन झालं सोयऱ्याशी. पर कंप्युटरमंधी सारं बरोबर लिवलं तुमी. जाळं फुकट विनून देते, घरपोच आनते, इतवारी बी उघडं. अन् फोटू! बोळात शिरलो, अन् लगेच ओळखलं.’ सौदा सकाळीच झाला. अकराही संस्थांचा. माझे आभार मानायला ते मुद्दाम थांबले होते. ‘जवाई असावा तं असा,’ असे हेमराजच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलून आले.

चहा घेतला. दोन कप.

टोपण सापडत नाही.

१७ मे, मंगळवार. दुपारी १२.००
जयाने भावाचा निरोप दिला. गर्दी वाढल्यामुळे त्याने नवा फोन घेतला आहे, जुना बंद. ‘साइटवरचा नंबर बदलून टाका म्हने, लोकाची पंचाईत होऊन राह्यली.’ मी स्पष्ट सांगितले : जीव गेला तरी नाही.

दुपारी ४.२०
तथापि विचार केला. आरोपपत्रात एक तपशील चुकीचा निघाला तर संपूर्ण आरोपपत्रच संशयास्पद ठरते. माझ्या वेबसाइटवर चुकीची माहिती राहू देणे हे माझ्या स्वभावात नाही. पायलला फोन करून नवा नंबर दोनदा सांगितला. तिने वहीत लिहून घेतला.

सायंकाळी ६.०५
खात्री करण्यासाठी तो नंबर लावून पाहिला. हेमराजने उचलला. मागे बरीच माणसे बोलत होती. मी काही न बोलता ठेवला.

नंबर बरोबर आहे.