पाटीवर न मावलेला पाडा

सरावली, बोईसर

प्रिय दादा,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस. वाटणीचं काही काढणार नाही. एक गोष्ट घडली, ती तुलाच सांगावीशी वाटली.

माझं पाट्या रंगवायचं काम चालूच आहे. मागच्या महिन्यात डोंगराकडच्या आवळपाड्याची स्वागताची पाटी आली. बोईसरच्या दुकानांवर लिहून लिहून हात असा बसलाय, की 'सहर्ष स्वागत'खाली मी न विचारताच 'स्थापना १९६२' ठोकून दिलं. त्या साली रस्ता झाला, असं कुणीतरी म्हणालं होतं. पाटी उभी करायला गेलो, तर पाड्यातल्या नवसीआजीनं नातीकडून ती वाचून घेतली आणि म्हणाली, "गाव काय दुकान हाय, अमक्या साली उघडलं म्हनायला? पूस ते."

मग काय लिहू, विचारलं. तर म्हातारी मला शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी घेऊन गेली आणि तिथून चालता चालता सांगायला लागली. वरचा माळ दादूनं फोडला. झऱ्याला दगड झिपरूनं लावले. भागी सून होऊन आली ती नागलीचं बी पदरात बांधून, अजून तेच पेरतात. दादूचा बाप, त्याचा बाप, त्यांच्या बायका, कुणाचं शेत, कुणाची पाऊलवाट. नऊ पिढ्या मी बोटांवर मोजल्या, मग मोजणं सोडलं. अक्षराची ओळख नाही बाईला, पण कुठे अडखळली नाही. दादा, तीस वर्षं मी अक्षरं काढतोय, आणि तिच्यापुढे मीच अडाणी.

साल पुसून नावं लिहायला बसलो. पत्रा संपत आला, नावं संपेनात. शेवटी 'सहर्ष स्वागत'ही खरवडलं. मग पाहुण्याला 'या' कोण म्हणणार, असं मी चिडवलं, तर म्हणाली, "येवडी नावं वाचली का तो घरचाच झाला."

निघताना तिनं सहज विचारलं, "आता तुजी सांग." मी अण्णांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि तिथेच गाडी अडली. आजोबांच्या आईचं नावसुद्धा येईना. आजी हसली नाही, तरी फार लाज वाटली.

'या गावाशी माझा संबंध संपला' असं तुला आपल्या गावच्या भर चौकात सुनावणारा मी, आणि मला आपली चार माणसं सांगता येत नाहीत. अण्णांमागे ती नावं आता तुझ्याकडेच आहेत. पत्रातून पाठवू नकोस. पोळ्याला मी येतोय. मला बांधाबांधानं फिरव आणि तुझ्या तोंडून सांग. राग गेला नसेल तर बोलू नकोस, मी मागून चालत राहीन.

तुझाच धाकटा,
ज्ञानेश