आक्कासाठी बसवलेला दांडा

३ जानेवारी २००४, सकाळ
आई न्हाणीत पाट ओढायची तेव्हा खर्रर्र व्हायचं. त्या आवाजावर मी चौथीची अख्खी कविता म्हणत आंघोळ उरकायचो. आजही पाटावर बसूनच म्हणतो. एक ओळ चुकत नाही. (गेल्या महिन्यात दोनदा तोल गेला, तो साबणामुळे.)
आज मुलगा प्रसेनजीत बाथरूमचं दार बराच वेळ न्याहाळत होता. कारण नसताना.

७ जानेवारी
प्रसेनजीत फोनवर, दबक्या आवाजात: आत्ती, एकटं सोडायची भीती वाटती ओ. म्हणजे त्याच्या आत्तीला, माझ्या आक्काला, कोडोलीहून इथं आणायचा बेत. आक्का ऐंशीची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. थकलीच असणार. पण आली की माझ्या चहातली साखरसुद्धा तिच्या ताब्यात. संकल्प: गाफील राहायचं नाही.

११ जानेवारी
ज्ञानू मिस्त्री आला. मला कमोडवर बसवलं. हात जिथं टेकला तिथं भिंतीवर खडूची खूण. माझंच माप का, विचारलं. म्हणाला, कुणाचं तरी घ्यायलाच लागतंय की, आण्णा. उत्तर संशयास्पद. आक्का माझ्याच उंचीची आहे.

१४ जानेवारी
स्टीलचा दांडा बसला. फरशी खरबरीत. दार आता बाहेर उघडतं, कडीही बाहेरून निघते. सून संघप्रिया म्हणाली, मामा, आत कोण पडलं तर दार अडाय नको. कोण, ते बोलली नाही. आक्काचं नाव सगळेच टाळतात.
माझा पाट गच्चीत टाकलेला. गुपचूप परत आणला.

१९ जानेवारी
दांड्यावर टॉवेल, बनियन वाळत घालतो. आक्का येईपर्यंत तेवढाच उपयोग. आंघोळीची खुर्चीही आणलीय, म्हाताऱ्या माणसांची. तिच्यावर बादली ठेवली.

२३ जानेवारी, दुपार
सकाळी सून मंडईत, प्रसेनजीत कामावर. तिसरं कडवं संपवून उठलो, पाट कलला. तोच आवाज, खर्रर्र. दांडा धरायला गेलो, ओला टॉवेल हातात आला. मग मी फरशीवर. पंचा नेसलेला, एवढी अब्रू राहिली.
अर्धा तास तसाच. कविताही आठवेना.
पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. चपला वाजल्या. सून समजून हाक मारली. कडी निघाली, दार बाहेर उघडलं.
आक्का. कोडोलीहून एसटीनं, उभ्यानं आलेली. पिशवी नाही, बोचकं नाही. हातात एक कोरी काठी, दुकानातला कागद तसाच गुंडाळलेला. चालताना टेकवत नव्हती.
म्हणाली, पोरगं महिनाभर फोनवर रडतंय तुझ्यापायी. ऊठ दादू, तुझ्या मापाची हाय का बघू.